मूठभर कोंड्याचं भेदरं

मनकर्णाला बोलायला समोर माणूसच हवं असायचं असं काही नाही. सकाळी सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या भाजीच्या तुकड्यात ती शिरली, की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. वालाचा वेल कुंपणावर चढायला लागला की त्याला म्हणायची, "तू कुठी चालला रे? तिकडं काय सासुरवाडी हाय तुही?" वांग्याच्या पानाला कीड दिसली की वांग्याला दटावायची, "सांगितलं होतं ना, लवकर मोठा हो म्हणून."

कुंपणापलीकडून शकुबाई विचारायची, "कोणासंग बोलून राह्यली वं?"

"वांग्यासंग."

"काय म्हणते वांगा?"

"म्हणते, शकुबाई रिकामी असन तर बोलाव तिले चहा प्याले."

मग शकुबाई कुंपणाच्या फटीतून यायची. ती फट दोघींनी मिळून पाडलेली होती आणि दर वर्षी कुंपण नवं करताना मनकर्णाचा नवरा मुखरू ती न विसरता तशीच ठेवायचा.

चिचटोला हे गाव कुरखेड्याहून वडश्याला जाणाऱ्या वाटेवर, धानाच्या बांध्या आणि जंगल यांच्या मधोमध बसलेलं. गोष्ट पंचावन्न-छप्पन सालाच्या सुमाराची. वडश्याच्या बाजारात तेव्हा रेल्वेने आलेले गोल, गुळगुळीत टमाटर दिसायला लागले होते. मनकर्णाच्या सांदवाडीत जे व्हायचं ते टमाटर नव्हतं, ते भेदरं होतं. बसकं, चपटं, काठाला लुगड्याच्या निऱ्या असाव्यात तशा चुण्या. आंबट इतकं, की नुसतं मीठ लावून खाल्लं तरी एक डोळा आपोआप मिटायचा. सुक्या झिंग्यांत ते घातलं की शेजारच्या चार घरांना आपल्या कालवणात काहीतरी कमी आहे असं वाटायला लागायचं. मनकर्णा लग्न होऊन आली तेव्हा आईनं पदराच्या गाठीत याचं बी बांधून दिलं होतं. तेव्हापासून दर हंगामाला ती एक पिकलेलं भेदरं फोडून त्याचं बी चुलीमागच्या शेणानं सारवलेल्या भिंतीवर थापायची. पुढच्या पावसाळ्यात नखानं खरडून काढायची आणि पेरायची.

तिची मुलगी कमळा वैशाखात लग्न होऊन नदीपलीकडे गेली. तिची सासू सोनीबाई कडक बाई. कमळा पहिल्याच आठवड्यात सासूच्या कालवणाबद्दल बोलून गेली, "आमच्या घरच्या भेदराची गोडी नाई याले."

"आंबट भेदराले गोडी कुठून आणली तुह्या मायनं?" सोनीबाई म्हणाली.

"पाह्यसाल तवा समजन."

"दाखवजो मंग. मंडईले येतो मी तुमच्या गावी. नाई दिसलं तर तुह्या गोष्टी किती खऱ्या मानाच्या, थे ठरवीन."

मंडई म्हणजे दिवाळीनंतर गावोगाव भरणारी जत्रा. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला, त्या दिवशी लेकीबाळी आणि सगेसोयरे यायचे आणि चौकात दंडार, म्हणजे पुरुषांनीच केलेलं नाचगाण्याचं नाटक, व्हायची. कमळानं निरोप पाठवला, त्यात सगळं आलं. आई, माझा शब्द गेला आहे. मंडईला भेदरं झाडावर दिसलं पाहिजे आणि चार रोपं सासूच्या हाती दिली पाहिजेत.

"हे काय मोठं काम हाय," मनकर्णा म्हणाली. "भेदरं तर मी झोपेत बी पिकवतो."

त्या वर्षी मात्र पावसानं चुलीमागची भिंत भिजवली, माती सुटली आणि बियांसकट खाली आली. पेरायला खरडून घेतलं होतं तेवढंच बी वाचलं. रोपं छान आली. श्रावणात हिरवीगार डोलत होती. राखी पौर्णिमेच्या सुमारास एका सकाळी पहिलं झाड मान टाकून उभं दिसलं. पाणी घातलं, तरी मान वर नाही. उपटून पाहिलं तर बुंधा आतून तपकिरी. मर लागली होती. मग दुसरं, मग त्याच्या शेजारचं. मनकर्णानं राख घातली, ताक घातलं, बोलून पाहिलं, रागावून पाहिलं. पोळ्याच्या सणापर्यंत एकच झाड उरलं आणि पोळ्याच्या दिवशी बैल ओवाळून ती मागे गेली, तर त्याचीही खालची पानं लोंबायला लागली होती.

ती तिथंच बसली. मुखरू शोधत आला. मुखरू दंडारीत राणीचं काम करायचा. भरदार मिशीचा माणूस, पण मंडईच्या आदल्या दिवशी मिशी उतरायची आणि तो लुगडं नेसून असा चालायचा, की गावातल्या सुना त्याची चाल पाहून शिकत. पोळा झाला की त्याची तालीम सुरू, म्हणून डोक्यावर रिकामा तांब्या तोलत तो आला.

"कोंडूची माय, काऊन बसली अशी?"

"हे बी चाललं."

"जाऊ दे ना. आणू दुसरं बी."

"कुठून आणता? माह्या मायच्या घरी आता कोणी नाई. आन कमळीनं सासूले शब्द देल्ला."

मुखरूनं तांब्या डोक्यावरून उतरवला.

झाडाचा वरचा भाग अजून टवटवीत होता. पान जिथे खोडाला मिळतं त्या बगलेत जाड, लुसलुशीत फुटवे आले होते. दर वर्षी मनकर्णा हे फुटवे मोडून फेकायची, कारण ते नुसते खातात आणि फळ उशिरा देतात. त्या फुटव्यांकडे पाहता पाहता तिला कोंडू आठवला.

कोंडू तिचा मुलगा, आता वीस-एकवीस वर्षांचा. त्याच्या आधीची दोन लेकरं बाळसं धरायच्या आत गेली होती. कोंडू झाला तेव्हा तिच्या सासूनं जुनी रीत केली. बाळाला सुपात ठेवून शकुबाईच्या उकिरड्यावर टाकून यायला लावलं. मागे वळून पाहायचं नाही. नशिबाला वाटलं पाहिजे, हे लेकरू यांना नकोच आहे, याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. ठरल्याप्रमाणे शकुबाई तिथे सहज आल्यासारखी आली आणि मोठ्यानं म्हणाली, "कोणाचं लेकरू हाय हे? कोणाचंच नसन तर माहं." तिनं ते उचलून घरी नेलं, न्हाऊ घातलं, दिवसभर मांडीवर ठेवलं. दिवस मावळताना मनकर्णा गेली आणि मूठभर धानाचा कोंडा देऊन तिनं आपलं लेकरू विकत आणलं. म्हणून तो कोंडू. शकुबाईला स्वतःचं मूल झालं नाही, नवराही लवकर गेला. कोंडू दोन्ही घरी जेवायचा आणि दोघींनाही माय म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णानं झाडाचे तीन चांगले फुटवे बगलेतून अलगद मोडले, सुपात ठेवले आणि फटीतून पलीकडे गेली. शकुबाईच्या उकिरड्याच्या कडेला, जिथे जुनं शेण कुजून काळंभोर झालं होतं, तिथे ते मांडले. मागे वळून न पाहता निघाली.

"थांब वं."

शकुबाई गोठ्याच्या कोपऱ्यावर उभी होती. हातात शेणाची पाटी.

"काय हाय थे?"

"काई नाई."

"आज दिस कोणता हाय?"

आणि मनकर्णाच्या लक्षात आलं. गावाच्या वेशीकडून पोरांचा गलका येत होता, "घेऊन जा गे मारबत." पोळ्याचा दुसरा दिवस. आदल्या दिवशी दाराशी खोवलेल्या पळसाच्या फांद्या काढून, घरातली रोगराई, खोकला, खरूज त्यांच्यासोबत गावाबाहेर टाकायचा दिवस. त्या दिवशी कुणाच्या हद्दीत साधी काडी टाकणं म्हणजे आपल्या घरचा रोग त्यांच्या घरी पाठवणं. यावरून बोलणं बंद झालेली घरं गावात होती.

"मारबतीच्या दिसी," शकुबाई सावकाश म्हणाली, "तू तुह्या वाडीची मर माह्या उकंड्यावर आणून टाकली."

"नाई वं बाई, तसं नाई. दिसाचं माह्या ध्यानातच नाई राह्यलं. मी कोंडूवानी केलं. कोंडूले टाकलं होतं ना, तसं." मनकर्णानं घाईघाईनं पदराची गाठ सोडली. "हे पाह्य, कोंडा बी आणला. आता इक मले."

शकुबाईनं पाटी खाली ठेवली. कोंड्याकडे पाहिलं, फुटव्यांकडे पाहिलं.

"कोंडूवानी केलं म्हणते."

"व्हय."

"म्हणजे टाकलं तू. सापडलं मले. माहं झालं."

"तुहंच झालं. आता इक."

"नाई इकत."

मनकर्णाला आधी थट्टाच वाटली. "अव, असं कसं. कोंडूले इकलं होतं ना."

"इकलं. चुकली मी. मूठभर कोंड्यात पोरगा देऊन टाकला आन त्याची पानसुपारी झाल्याचं मले विहिरीवर समजलं. दुसऱ्या बायांच्या तोंडून." शकुबाई खाली वाकली आणि एकेक फुटवा अंगठ्यानं कुजलेल्या शेणात खोचू लागली. "आता भेदरं नाई देत."

मनकर्णा हातातला कोंडा तसाच घेऊन घरी आली.

पानसुपारीचं खरं होतं. ज्येष्ठात मुखरू आरमोरीकडे गेला होता, तिथे कोंडूसाठी मुलगी पाहिली आणि आवडली म्हणून तिथल्या तिथे पानसुपारी घेऊन, म्हणजे सोयरीक पक्की करून, मोकळा झाला. शकुबाईला सांगायला हवं हे मनकर्णाच्या मनात आलं होतं. पण घरचीच तर आहे, तिला काय वेगळं सांगायचं, असं म्हणता म्हणता राहून गेलं. विहिरीवर कळलं त्या दिवसापासून शकुबाईनं कुंपणापलीकडून "कोणासंग बोलून राह्यली वं" असं विचारणं बंद केलं होतं. मनकर्णाला वाटलं, पेरणीची गडबड असेल.

"मी समजावतो तिले," मुखरू म्हणाला. त्यानं डोक्यावर पदर घेतला, कमरेत लचक घेतली आणि तो राणीच्या आवाजात बोलत फटीतून पलीकडे गेला. "हे शेजारच्या राज्याच्या महाराणी, आमच्या तीन राजकन्या तुमच्या कैदेत..."

"मुखरूभाऊ," शकुबाईचा आवाज आला, "मिशी काढून ये, मंग राणी हो."

मुखरू परत आला. "ऐकत नाई," तो आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाला.

मनकर्णाचं शेवटचं झाड दोन-चार दिवसांत गेलंच. आता गावात जे भेदरं होतं ते शकुबाईच्या उकिरड्याच्या कडेला होतं, आणि तेही होतं म्हणायचं इतकंच. तिन्ही फुटवे आडवे पडले होते. शकुबाईनं काड्या रोवून वर सागाचं मोठं पान झाकलं, रोज भांडी विसळलेलं पाणी हातानं शिंपडलं. मनकर्णा फटीशी येऊन पाहायची, आणि फटीशी आलोच नव्हतो असं दाखवत वालाच्या शेंगा तोडायची. एका सकाळी पाहिलं तर एका फुटव्याचा शेंडा वर उचललेला. लहान मूल पहिल्यांदा मान धरतं, तसा. दुसऱ्या दिवशी बाकीचे दोन. नुसत्या मोडक्या फांदीला, बियाशिवाय, मूळ फुटलं होतं. मनकर्णाच्या तोंडून शकुबाईला हाक जाता जाता राहिली.

मग तिनं वांग्याशी बोलायला सुरुवात केली, पण आवाज जरा चढवून.

"वांग्या, पाह्यलं का रे? माहा फुटवा कसा उभा झाला."

पलीकडे शकुबाईची गंगी नावाची शेळी बांधलेली असायची. "गंगे," शकुबाई म्हणाली, "सांग तिले. जो टाकून देल्ला थो तिचा नाई."

दोघींचं बोलणं असं सुरू झालं. वांगं आणि शेळी मध्ये.

दसऱ्यापर्यंत तिन्ही झाडं मांडीइतकी झाली. उकिरड्याच्या जुन्या खतावर झाडं अशी काही फोफावली होती, की मनकर्णाच्या सांदवाडीत कधी नव्हती. फुलंही आली. आणि एक दिवस मनकर्णानं पाहिलं, शकुबाई झाडांच्या बगलेतले फुटवे मोडते आहे. एक, दोन, मग आणखी.

"वांग्या," तिचा जीव वर आला, "लोकं झाडाचे हात तोडून राह्यले रे."

"गंगे, सांग तिले, तोडले नाई. लावून राह्यली."

खरंच, गोठ्याच्या सावलीत फुटक्या मडक्यांचे बुडखे ओळीनं मांडले होते आणि प्रत्येकात एक फुटवा खोचला जात होता. एकातून तीन, तिनातून एवढे. मनकर्णाला दर वर्षी आपण मोडून फेकलेले फुटवे आठवले आणि नुसतं कसंसं झालं. तिनं सूपभर कोंडा भरला आणि कोंडूच्या हाती पाठवला. कोंडू सूप घेऊन गेला, पोटभर जेवून परत आला. सूप भरलेलंच.

"मोठी माय म्हणते, कोंडा कमी पडला म्हणून नाई देत असं नाई."

"मंग काऊन नाई देत?"

कोंडू जमिनीकडे पाहायला लागला. "ते तुले ठाऊक हाय म्हणते."

ठाऊक होतंच. पण ज्या बाईसोबत एवढी वर्षं एका फटीतून ये-जा केली, तिच्या दारात समोरून जाऊन चुकलो म्हणायला मनकर्णाची जीभ उचलेना. एवढी बोलकी बाई, पण हेच एक वाक्य तिला येत नव्हतं.

दिवाळी आली. कोंडू भाऊबीजेला कमळाकडे जाऊन आला आणि निरोप घेऊन आला. "कमळीची सासू येऊन राह्यली मंडईले. मोठी टोपली घेऊन येतो म्हणते. भेदराची रोपं नेन म्हणते, नाई तर टोपली घेऊन परत जाईन."

मंडईच्या आदल्या दिवशी मुखरू मिशी उतरवायला वडश्याला गेला, कारण गावच्या न्हाव्याचा त्याला भरवसा नव्हता. येताना पिशवीत काहीतरी घेऊन आला. बाहेर काढले, तर चार गोल, लालभडक टमाटर.

"हे कायले?"

"दोऱ्यानं बांधू. वाळक्या झाडाले. तमाशातलं झाड नाई का, कागदाची फुलं बांधतात. दुरून काई समजत नाई."

"सोनीबाई काय दुरून पाह्यन?"

"मी नाचाले लागलो की सगळे मले पाह्यतात," मुखरू म्हणाला. मिशी गेल्यामुळे तो फार भोळा दिसत होता.

मनकर्णा हसली. त्या महिन्यात ती पहिल्यांदाच हसली असेल. ते करू नका म्हणून तिनं सांगितलं, निदान तिला तसं वाटलं. पण सकाळी पाहुण्यांच्या स्वयंपाकाच्या गडबडीत ती मागे गेलीच नाही, आणि मुखरूनं आपलं काम करून टाकलं.

सोनीबाईची रेंगी, म्हणजे छोटी बैलगाडी, दारात थांबली. आधी कमळा उतरली, मग टोपली, मग सोनीबाई. टोपलीवर फडकं घट्ट बांधलेलं. पाय धुतले, पाणी झालं आणि सोनीबाई म्हणाली, "इहीनबाई, पहिले भेदरं दाखवा. मंग बसतो."

मनकर्णा काही बोलायच्या आत कमळा सासूला घेऊन मागे निघाली होती. सांदवाडीत वाळलेल्या काटक्यांवर चार लालभडक टमाटर झगमगत होते. एक पानही नसलेल्या झाडावर. सोनीबाई जवळ गेली. वाकली. एका टमाटराला हात लावून हळूच ओढलं. टमाटर आलं, मागोमाग वीतभर दोरा आला.

"इहीनबाई," ती म्हणाली, "तुमच्याकडं भेदराले दोरा बी फुटते का?"

कमळाचा चेहरा उतरला. दारात मुखरू अर्धं लुगडं नेसून उभा होता, एका हातात निऱ्या. त्यानं त्या निऱ्यांतच तोंड लपवलं.

मनकर्णाकडे बोलायला भरपूर होतं. पाऊस, भिंत, मर, नशीब. ते सगळं तिच्या ओठाशी आलं आणि कमळाकडे पाहून ती ते गिळून बसली.

"दोरा आमच्या घरधन्याचा हाय," ती म्हणाली. "टमाटर वडश्याच्या बाजाराचा. यातलं माहं काई नाई."

"मंग तुमचं कुठी हाय?"

"चला. दाखवतो."

ती फटीतून गेली नाही. सोनीबाईचा हात धरून पुढच्या दारानं बाहेर पडली, रस्त्यावरून चालत शकुबाईच्या अंगणात समोरून गेली. पाठीमागे कमळा. चौकात ढोलकी वाजायला लागली होती, सगळं गाव तिकडे चाललं होतं. शकुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून ओसरीवर बसली होती, पण निघाली नव्हती. कोणी बोलवायला आल्याशिवाय एकटीनं काय जायचं, असं ते बसणं होतं.

"इहीनबाई," मनकर्णा म्हणाली, "ही कोंडूची माय."

सोनीबाईनं एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "मंग तुमी कोण?"

"मी बी. मी त्याले जलम देल्ला आन टाकला. इनं उचलला. मंग त्याची पानसुपारी मी इले न इचारता केली." ते वाक्य आलं. आल्यावर तितकं जड वाटलं नाही, म्हणून ती पुढे बोलत गेली. "चुकलं माहं, शकुबाई. हळदीले पहिला हात तुहा लागन. मांडवात नवरदेवाची माय म्हणून पहिले तू बसशीन. भेदराचं मी नाई मागत. थे तुहं हाय. इहीनबाईले फक्त पाहू दे, म्हणजे माही पोट्टी खोटी नाई ठरन."

शकुबाई उठली. गोठ्याकडे चालू लागली आणि तिघी मागे गेल्या.

उकिरड्याच्या कडेला तीन झाडं काठ्यांच्या आधारानं उभी होती आणि त्यांना भेदरं लोंबत होती. काही हिरवी, काही केशरी, चार-पाच पिकून लाल. बसकी, चपटी, काठाला निऱ्या. सोनीबाईनं एक तोडलं, लुगड्याला पुसलं, तिथेच चावलं. तिचा उजवा डोळा मिटला.

कमळा तिच्याकडे पाहत होती.

"पोट्टी खरं बोलत होती," सोनीबाई म्हणाली आणि उरलेलं अर्धं तोंडात टाकलं.

"कोंडा आणला का?" शकुबाईनं मनकर्णाला विचारलं.

"काय?"

"कोंडा. इकत घ्याले आली ना?"

मनकर्णानं पदराची गाठ चाचपली. रिकामी. "नाई आणला."

"पाह्य बाई कशी हाय. तवा आणला, मी घेतला नाई. सूपभर पाठवला, थो बी घेतला नाई. आता घेतो म्हणतो, तर आणला नाई."

"काय कोंडा कोंडा लावलं?" सोनीबाईनं विचारलं आणि कमळानं तिला उभ्या उभ्या कोंडूची गोष्ट सांगितली. सोनीबाईनं ती ऐकून घेतली. मग कमळाला पाठवून दारात उतरवलेली टोपली मागवली, फडक्याची गाठ सोडली. रोपं न्यायला आणलेली टोपली रिकामी नव्हती. आत अंडी होती, इहीनबाईसाठी आणलेली, गाडीच्या हिसक्यानं फुटू नयेत म्हणून कोंड्यात पुरलेली. तिनं अंड्यांच्या मधून मूठभर कोंडा उपसला.

"घ्या. आमच्या घरच्या धानाचा हाय."

शकुबाईनं ओंजळ पुढे केली, कोंडा घेतला आणि गंगीपुढे टाकला. "घे गंगे. वांग्याले बी सांगजो, भांडण मिटलं म्हणून."

मनकर्णाला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावावा लागला. तोपर्यंत शकुबाई गोठ्याच्या सावलीतून मडक्यांचे बुडखे बाहेर मांडत होती. प्रत्येकात एक ताजं, तरतरीत रोप.

"एवढे कोणाचे?" मनकर्णानं विचारलं.

"हे दोन तुहे. बाकीचे कमळीच्या नावानं लावले होते. तू बोलली असती तर दसऱ्यालेच देल्ले असते."

"आन मी बोलली नसती तर?"

"तर मीच आज संध्याकाळी रेंगीत ठेवून आली असती. तुले न इचारता." शकुबाई थांबली. "तुह्यावानी."

चौकात तोवर दंडार रंगली होती. राणी तोऱ्यात पुढे आली, हात उंचावला, राजाला जाब विचारायला तोंड उघडलं आणि समोर बायांच्या रांगेत तिघी बसलेल्या दिसल्या. मनकर्णा, शकुबाई आणि मध्ये सोनीबाई. तिघींच्या हातात भेदराची मीठ लावलेली फोड आणि तिघींचा एकेक डोळा मिटलेला. राणी वाक्य विसरली. लोकांना वाटलं, राणीला रडू आलं, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मुखरू पुढे कित्येक वर्षं ती जागा तशीच घेत असे.

माघात कोंडूचं लग्न झालं. हळदीला पहिला हात शकुबाईचा लागला. आरमोरीच्या पाहुण्यांनी नवरदेवाची माय कोणती म्हणून विचारलं, तेव्हा कोंडूनं दोन्ही हातांनी दोन्हीकडे दाखवलं.

लग्नाहून परत गेल्यावर काही दिवसांनी कमळाचा निरोप आला. मनकर्णा सांदवाडीत होती. वांग्याला सांगत होती, आणि ते सांगणं ऐकून पलीकडून आवाज आला.

"कोणासंग बोलून राह्यली वं?"

"वांग्यासंग."

"काय म्हणते वांगा?"

"म्हणते, कमळीची रोपं फळाले आली. सासूनं त्याचे बगलेतले फुटवे मोडले. पण नुसते मातीत खोचाले तयार होईना. नुसतं मातीत कसं लागन म्हणे, रीतीनं झालं पाहिजे. म्हणून जावेच्या उकंड्यावर नेऊन टाकले आन कोंडा घेऊन गेली."

शकुबाई फटीतून आत आली. "मंग?"

"जाऊ म्हणते, नाई इकत."

"आता काय करून राह्यली सोनीबाई?"

"भांडून राह्यली."

शकुबाईनं खाली बसत वांग्याचं एक किडकं पान तोडलं. "भांडू दे," ती म्हणाली. "तवरी मूळ धरते."